ऑफिसमध्ये प्रेझेंटेशन सुरू झालं की पाच मिनिटांत सगळे मोबाईल काढतात, स्लाइड कशा बनवू?

तुम्ही लिहिलंय की शहाद्याला बँकेच्या शाखेत लागलात, दर महिन्याच्या रिव्ह्यूत मोठ्या साहेबांपुढे पीककर्ज वसुलीच्या स्लाइड दाखवाव्या लागतात, वीस मिनिटं मिळतात आणि पाचव्या मिनिटाला सगळे मोबाईलमध्ये. आणि शेवटी विचारलंय कुठलं टेम्प्लेट चांगलं. टेम्प्लेटचं सगळ्यात शेवटी सांगतो, कारण त्यात काही अडलेलं नाही. मी बँकेतला नाही, केळीतला माणूस आहे, जळगावला एका कंपनीत फील्डचं काम बघतो, पण स्लाइड मीही अकरा वर्षं दाखवतोय आणि एकदा त्यातून खरं नुकसान झालेलं बघितलंय, म्हणून लिहितोय.

आमच्याकडे रावेर-यावल पट्ट्यात पावसाळ्यात सलग ढगाळ हवा राहिली की केळीवर सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) हा रोग येतो, शेतकरी त्याला हरण्या म्हणतात. पानावर पिवळे पट्टे पडतात, मावा ही बारीक कीड तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते, आणि व्हायरस असल्यामुळे लागलेलं झाड बरं करायचं औषध नाही. रोगट झाड मुळासकट उपटायचं, बागेबाहेर नेऊन नष्ट करायचं, मावा आवरायचा, आजूबाजूचं तण आणि काकडीवर्गीय वेल काढायचे. म्हणजे सगळा खेळ दिवसांचा. आठ दिवस उशीर झाला की वीस झाडांची दोनशे होतात.

तर त्या वर्षी जुलैत दोन गावांत मला हे दिसलं आणि पुढच्याच आठवड्यात मंथली रिव्ह्यू होता. मी दोन रात्री जागून चौतीस स्लाइड केल्या. आधी तालुकानिहाय क्षेत्र, मग पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली मृगबाग किती आणि पावसाळ्यानंतरची कांदेबाग किती, मग पावसाचा आलेख, तापीकाठचा नकाशा, रोपांची विक्री, आणि सत्तावीस नंबरच्या स्लाइडवर एक भला मोठा टेबल, त्याच्या शेवटच्या ओळीत त्या दोन गावांचे आकडे. तिथे पोचेपर्यंत एक साहेब फोनवर बाहेर गेलेले, दुसरे जेवणाचं बघत होते. मी ती ओळ वाचली, पुढची स्लाइड लावली, कोणी काही विचारलं नाही. त्या गावांत जादा माणसं पाठवायला परवानगी मिळाली ती बारा दिवसांनी, तीही मी फोन करकरून. तोवर एका शेतकऱ्याला अख्खी बाग मोडावी लागली. रोपं, ड्रिप, खत, सगळा खर्च होऊन बसलेला, आणि घड तर लांबच, अजून निसवणही नव्हती, म्हणजे केळफूलही बाहेर पडलेलं नव्हतं. त्याच्या बांधावर उभं राहून मला बोलता आलं नाही.

बरेच दिवस मी म्हणायचो साहेबांनी लक्ष दिलं नाही. पण खरं बघायला गेलं तर लक्ष द्यावं असं मी काही समोर ठेवलंच नव्हतं, सगळी माहिती सारखीच मांडली होती, पाऊसही तेवढाच मोठा आणि रोगही तेवढाच.

मग सुट्टीला गावी गेलो, आमचं गाव अमळनेरकडचं, घरात अहिराणीच बोलतात. माझ्या आईला हे सांगत होतो. तिला तालुकानिहाय क्षेत्र सांगायची काही गरजच पडली नाही, दोन गावांत रोग आलाय, आठ दिवसांत झाडं उपटली नाहीत तर बागा जातील, माणसं कमी आहेत, एवढ्या तीन वाक्यांत झालं. आणि ती लगेच म्हणाली, "मंग आते काय करानं?" म्हणजे मग आता काय करायचं. चौतीस स्लाइडनंतर साहेबांनी हा प्रश्न विचारायला हवा होता आणि माझी एकही स्लाइड त्या प्रश्नापर्यंत नेत नव्हती.

तेव्हापासून माझं हे ठरलेलं आहे, लॅपटॉप उघडायच्या आधी कागदावर त्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात लिहायचं. साहेबांनी उठताना नेमकं काय ठरवून उठावं? तुमच्या बाबतीत समजा शाखेत बरीच खाती थकली आहेत, पण तुम्हाला गावात फिरून माहितीय की त्यातल्या बहुतेकांचा कापूस अजून घरातच पडलाय, भावाची वाट बघताहेत. तर तुमचं वाक्य असेल, "कापूस विकला जाईपर्यंत या खात्यांना नोटीस नको, आम्हाला गावात वसुली मेळाव्यासाठी दोन माणसं द्या." बास, हे पहिल्या मिनिटाला सांगायचं, शेवटी नाही. आपल्याला वाटतं आधी सगळी पार्श्वभूमी सांगू मग मुद्दा, पण साहेबांनी त्या दिवशी अजून दहा शाखा बघायच्या असतात.

मग विचार करा की हे ऐकून साहेब कुठल्या शंका काढतील. कापूस खरंच घरात आहे कशावरून? मागच्या वर्षी याच लोकांनी विकल्यावर भरले होते का? नाही भरले तर पुढे काय? झाल्या ना तुमच्या तीन स्लाइड. बाकीचे टेबल एका छापील कागदावर द्या, बसल्या जागी ज्याला बघायचे तो बघेल. कागदावरचं आणि पडद्यावरचं एकच ठेवू नका, टेबल पडद्यावर वाचता येत नाही आणि वाचून दाखवलं तर माणूस कंटाळतो, कारण तो मनात तुमच्यापेक्षा लवकर वाचून झालेला असतो.

स्लाइडच्या मथळ्यावर मात्र खूप वेळ घालवा. "वसुली स्थिती" हा मथळा नाही, ते फायलीवरचं नाव झालं. मथळा म्हणजे पूर्ण वाक्य, "थकलेल्या खात्यांपैकी बहुतेकांनी मागच्या वर्षी कापूस विकल्यावर भरणा केला होता", आणि खाली त्याचा एकच आलेख, त्यातही जो बार दाखवायचा तो रंगीत आणि बाकीचे राखाडी. मोबाईलमधून मान वर काढलेल्या माणसानं नुसता मथळा वाचला तरी त्याला कळलं पाहिजे आपण कुठे आहोत.

मथळ्याचं एवढं का सांगतोय, तर कल्पना चावला गेल्या ते कोलंबिया यान. जानेवारी 2003 मध्ये उड्डाण होताना इंधनाच्या टाकीवरच्या फोमचा तुकडा पंखावर आदळला, यान वर असतानाच इंजिनिअरांनी धोका किती हे तपासून नासाला स्लाइड दाखवल्या. त्यातल्या एका स्लाइडचा मथळा धीर देणारा होता, आणि अगदी खाली बारीक अक्षरात लिहिलेलं की ज्या चाचण्यांवर हे सगळं आधारलेलं आहे त्यातला तुकडा 3 घन इंचाचा होता आणि हा आदळलेला 1920 घन इंचाचा, म्हणजे 640 पट. 1 फेब्रुवारीला परत येताना यान फुटलं, सातही जण गेले. नुसत्या स्लाइडमुळे झालं असं कोणी म्हणत नाही, पण चौकशी मंडळाच्या अहवालात त्या स्लाइडवर वेगळं लिहिलंय, की अशा मांडणीत वरच्या माणसाला हे जिवावरचं प्रकरण आहे हे कळणं अवघड. मी ते वाचलं तेव्हा माझी सत्तावीस नंबरची स्लाइडच डोळ्यासमोर आली. मोठा आकडा खालच्या ओळीत टाकू नका हो.

आता बारीकसारीक, पण यानं पण मीटिंग बिघडते. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा, जुन्या फॉन्टमध्ये केलेला दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर इंग्रजी अक्षरांचा काला होऊन दिसतो. तरी पीडीएफ काढून पेनड्राइव्हवर आणि स्वतःच्या व्हॉट्सॲपवर ठेवाच. लॅपटॉप जोडल्यावर पडद्यावर काही आलं नाही तर विंडोजचं बटण आणि पी दाबायचं, डुप्लिकेट निवडायचं. प्रोजेक्टरला जुनी व्हीजीए वायर असेल आणि लॅपटॉपला फक्त एचडीएमआय, तर कन्व्हर्टर आपला आपण न्यायचा. अक्षराचा साइज तीसच्या खाली नको, जोडाक्षरं मागून दिसत नाहीत. कोणी मध्येच मागची स्लाइड मागितली तर बाण दाबत सगळं उलटं पळवू नका, तिचा नंबर टाइप करून एंटर मारा. आणि चर्चा सुरू झाली की बी दाबा, पडदा काळा होतो, सगळे तुमच्याकडे आणि एकमेकांकडे बघायला लागतात. हे एक बटण मला कोणी पहिल्या वर्षी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

सराव म्हणजे मनात वाचणं नाही, मोबाईलवर टायमर लावून उभं राहून मोठ्यानं बोलायचं, वीस मिनिटं मिळतात तर बारात संपवायचं, उरलेली आठ त्यांच्या प्रश्नांची. आणि पहिला सराव घरी, स्लाइडशिवाय, तुम्ही घरात जी बोली बोलता तिच्यात. अहिराणी असो, लेवा असो, भिलोरी असो, गुजर असो. ज्या ठिकाणी तुम्ही अडखळाल किंवा नुसता इंग्रजी शब्द टाकून पुढे सरकाल, तिथे तुम्हाला स्वतःलाच ते नीट कळलेलं नाही असं समजा, ती जागा दुरुस्त करा. तुम्ही लिहिलंय की मराठी बोलताना आपला सूर गावाकडचा येतो म्हणून दडपण येतं. येऊ द्या सूर. थकलेल्या खात्यातला माणूस कोण आहे, त्याचा कापूस कुठे पडलाय, हे त्या हॉलमध्ये फक्त तुम्हाला माहितीय, आणि ते माहिती असलेला माणूस ज्या सुरात बोलतो तोच सूर ऐकायला साहेब बसलेले असतात.

राहिलं टेम्प्लेट. पांढरं कोरं घ्या, अक्षर काळं. आपल्याकडच्या मीटिंग हॉलला पडदे धड नसतात, दुपारच्या उजेडात गडद निळ्यावर पिवळं काही दिसत नाही. बँकेचा लोगो पहिल्या स्लाइडवर एकदा, पुढे कुठेच नको.