वय ५८: कोच म्हणतात हळू पळा, ग्रुप म्हणतो इंटरव्हल करा. कोणाचं ऐकू?

तुम्ही ठाण्यात राहता, जानेवारीत मुंबईची हाफ मॅरेथॉन करायची आहे. कोच नाडी १२२ च्या वर जाऊ देत नाहीत, ग्रुप आठवड्यातून दोनदा इंटरव्हल (थोडा वेळ जोरात, मग थोडा वेळ हळू) करायला सांगतो आणि फिजिओ म्हणतात आधी जिम.

हे भांडण वाटतं तेवढं मोठं नाही. १२२ हा आकडा धावपटूंचे प्रशिक्षक फिल माफेटोन यांच्या '१८० वजा वय' या सूत्रातला. ग्रुपवाले ज्या ८०-२० चा हवाला देतात, त्यातही दहापैकी आठ सत्रं संथच असतात. मतभेद उरतो तो फक्त दोन सत्रांचा, आणि तिथे मी ग्रुपच्या बाजूने आहे. या वयात व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं ते) आणि स्नायूंची ताकद दोन्ही घटतात. ती घट नुसत्या संथ धावण्याने पुरेशी रोखली जात नाही.

१२२ ला मात्र चिकटून बसू नका. २०८ वजा वयाच्या ०.७ पट या सूत्राने तुमची कमाल नाडी साधारण १६७ येते, पण प्रत्यक्षात ती दहाने कमी-जास्त असणं अगदी सामान्य आहे. त्यात ऑक्टोबरची दमट सकाळ असली की त्याच वेगाला नाडी आणखी चढते. पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आलं, तर वेग बरोबर. नाडी मोजायचीच असेल तर छातीचा पट्टा घ्या. मनगटाचं घड्याळ कधीकधी पावलांची लय पकडतं आणि निवांत पळतानाही १६५ दाखवतं. बीपीसाठी मेटोप्रोलॉलसारखी नाडी मंदावणारी गोळी चालू असेल, तर ही सगळी सूत्रं निरुपयोगी.

वयामुळे खरा फरक पडतो तो शरीर सावरायला लागणाऱ्या वेळेत. म्हणून सात दिवसांऐवजी दहा दिवसांचं चक्र धरा: दोन कठीण सत्रं, एक लांब धाव, बाकी संथ किंवा विश्रांती. पहिलं कठीण सत्र येऊरच्या चढावर: १५ मिनिटं वॉर्मअप, मग एकेका मिनिटाचे सहा चढ, उतरताना चालत. चढावर आदळआपट कमी होते. मांड्या आणि गुडघे दुखतात ते बहुधा जोरात उतरल्याने. (येऊरला बिबट्याचा वावर आहे, अंधारात एकटे जाऊ नका.) दुसरं सत्र उपवन तलावाजवळ सपाटीवर, तीन-तीन मिनिटांचे पाच तुकडे. पाचवा पहिल्याइतक्याच वेगात निघाला पाहिजे. मंदावलात तर सुरुवात जोरात झाली.

जिम कठीण सत्राच्याच दिवशी संध्याकाळी उरका, म्हणजे संथ दिवस खरोखर मोकळे राहतात. स्क्वॅट, डेडलिफ्ट, सलग सहा ते आठ वेळाच (रेप्स) जमतील एवढं वजन. सोबत टाचा उचलणं, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून, दोन्ही प्रकारे. पोटऱ्या आणि अकिलीस (टाचेमागची जाड शीर) या वयात आधी तक्रार करतात.

इंटरव्हल सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारून स्ट्रेस टेस्ट (ट्रेडमिलवर चालवून केलेली हृदयाची तपासणी) करून घ्या. पळताना छातीत दडपण आलं किंवा भोवळ आली, तर तिथेच थांबा आणि लगेच डॉक्टरांना दाखवा.