थीफमध्ये अंधारात उभं राहण्यात मजा कसली?

तुमचं म्हणणं असं, की लहानपणी आयजीआय मनसोक्त खेळलात, चोरपावलांचे गेम आवडतात, म्हणून चार जणांच्या सांगण्यावरून थीफ गोल्ड, म्हणजे थीफ या कॉम्प्युटर गेमची वाढवलेली आवृत्ती, घेतला. आणि पहिल्याच मिशनमध्ये, लॉर्ड बॅफर्डच्या वाड्यात, पहारेकऱ्यांनी दर वेळी तुमचा निकाल लावला. कमरेला तलवार आहे, हातात धनुष्य आहे, तरी लढता येत नाही. मग अंधाऱ्या कोपऱ्यात उभं राहून कुणाची तरी पाठ फिरायची वाट बघायची, यात मजा कसली?

आयजीआयवरून आलेल्या माणसाला हा प्रश्न पडणारच, म्हणून तिथूनच सुरू करते.

आयजीआय २००० साली आला, नॉर्वेच्या इनरलूप स्टुडिओचा. आपल्याकडे सायबर कॅफेत आणि घरच्या कॉम्प्युटरवर एक अख्खी पिढी त्यावर पोसली. या मंडळींनी त्याआधी लढाऊ विमानांचा सिम्युलेटर केला होता आणि त्याचंच इंजिन, म्हणजे गेम चालवणारं मूळ सॉफ्टवेअर, इथे वापरलं, म्हणून ते लांबच लांब उघडे डोंगर आणि दूरवर दिसणारे लष्करी तळ. दुर्बिणीतून टेहळणी, मॅप कॉम्प्युटरवर वरून दिसणारा तळ, कॅमेऱ्याचा डोळा चुकवून भिंतीकडेने सरकणं, हे सगळं अस्सल होतं. मिशनच्या मध्ये सेव्ह करता येत नसल्यामुळे पोटात येणारा गोळाही अस्सल. पण आठवून बघा, बहुतेक मिशनं कुठे जाऊन पोचायची? कुठेतरी एक गोळी सुटायची, सायरन वाजायचा, बराकीतून माणसं धावत यायची आणि पुढचा सगळा मामला एके-४७ वर. लपून जाणं म्हणजे गोळीबार थोडा उशिरा सुरू व्हावा यासाठी केलेली तजवीज.

थीफ त्याच्या दोन वर्षं आधीचा, १९९८ चा. यात तुम्ही गॅरेट नावाचा चोर असता. त्याच वर्षी जपानमधून टेन्चू आणि मेटल गिअर सॉलिड आले, त्यामुळे या प्रकारच्या गेमच्या चाहत्यांना ते साल पाठ असतं. मेटल गिअरमध्ये स्क्रीनच्या कोपऱ्यात रडार असतं आणि शत्रू कुठे बघतोय हे त्यावर दिसतं. थीफमध्ये तसलं काही नाही. नकाशा मिळतो तोही हाताने काढलेला, अर्धामुर्धा. पुढच्या वळणापलीकडे कोण आहे हे कळायला तुमच्याकडे फक्त कान आहेत. या गेमची सगळी मजा कानांत आहे, आणि तुम्ही लिहिलंय त्यावरून मला वाटतं, अजून तुम्ही तो डोळ्यांनीच खेळताय.

हेडफोन लावा आणि बॅफर्डच्या वाड्यात नुसते एका जागी उभे राहा. फरशीवरून चालणाऱ्या पहारेकऱ्याची पावलं खणखणीत ऐकू येतात, लाकडी जमिनीवर ती पोकळ होतात, आणि गालिच्यावर आला की आवाज जवळजवळ नाहीसाच होतो. एखादा गुणगुणतो, एखादा खोकतो. थोड्या वेळात तुमच्या लक्षात येतं, की हा इथून पलीकडच्या दारापर्यंत जातो, तिथे थबकतो, वळतो आणि परत येतो. आता गोम अशी, की तुमच्या पावलांनाही हाच नियम लागू आहे. फरशीवर पळालात तर दोन खोल्यांपलीकडचा माणूस सावध होतो, गालिच्यावर चालताना कुणाला पत्ता लागत नाही. त्यामुळे नवख्याला गालिचा म्हणजे हक्काची जागा वाटते. पण त्याच गालिच्यावरून समोरचाही आवाज न करता तुमच्या अंगावर येऊ शकतो. म्हणून कडेला दगडी फरशी असलेला भाग मला कधीकधी जास्त सोयीचा वाटतो. तिथे निदान तो कुठे आहे हे कळतं.

हे इतकं नेमकं चालतं याला कारण आहे. लुकिंग ग्लास या अमेरिकन स्टुडिओने ध्वनीसाठी इमारतीचा वेगळा हिशेब ठेवला होता: कुठली खोली कुठल्या वाटेने कुठल्या खोलीला जोडलेली आहे. त्यामुळे आवाज भिंत फोडून सरळ येत नाही, दारातून, जिन्यातून, बोळातून वळसा घेत येतो. मधलं दार लावलं की तो दबतो. पहारेकऱ्यांचे कानही त्याच हिशेबावर चालतात. तुम्हाला एखादा आवाज डावीकडच्या दारातून आला असेल, तर तुमचा आवाजही त्याच दारातून त्याच्याकडे जातो. पंचवीस वर्षं उलटून गेली तरी इतक्या प्रामाणिकपणे हे करणारे गेम मोजकेच सापडतात, आणि ग्राफिक्स जुनाट दिसत असूनही हा गेम जिवंत राहिला तो मुख्यतः यामुळे.

उजेडाचंही तसंच. स्क्रीनच्या खाली मधोमध तो छोटा मणी आहे ना, त्यावर नजर ठेवायची सवय लावा. तुमच्यावर किती उजेड पडतोय हे तो सांगतो. पूर्ण काळा पडला असेल आणि तुम्ही हालचाल केली नाहीत, तर पहारेकरी हाताच्या अंतरावर येऊन उभा राहिला तरी त्याला तुम्ही दिसत नाही. उजेड नको असेल तर मशालीवर पाण्याचा बाण मारून ती विझवता येते. विजेचे दिवे मात्र विझत नाहीत, तिथे दुसरी वाट काढावी लागते. आवाज करणाऱ्या जमिनीवर शेवाळाचा बाण मारला की हिरवा मऊ पट्टा तयार होतो आणि त्यावरून चालता येतं. लाकडात रुतणारा दोराचा बाण आहे, त्याने वर चढता येतं. म्हणजे तुमच्या भात्यातले निम्मे बाण माणसांवर मारायचे नाहीतच, ते जागेवर मारायचे आहेत. वाडा आपल्या सोयीचा करून घ्यायचा, मग त्यात शिरायचं. हे एकदा कळलं की धनुष्याकडे बघण्याची नजरच बदलते.

आता उभं राहून वाट बघण्याबद्दल. डबा ऐसपैस खेळला असाल, तर आठवा. भिंतीमागे नुसतं दडून बसण्यात काही राम नसायचा. राज्य असलेला पोरगा किती लांब गेलाय, परत वळायच्या आत डब्यापर्यंत पोचता येईल का, मधे कुणी ओळखलं तर पळायचं कुठे, हे सगळं डोक्यात चाललेलं असायचं, आणि लाथ मारायच्या आधीचा तो क्षण हाच खरा खेळ असायचा. थीफ तो क्षण ताणून तासभराचा करतो. बाहेरून बघणाऱ्याला तुम्ही स्तब्ध दिसता. आत मात्र हिशेब अखंड चालू असतो.

आणि हिशेब चुकला तरी सगळं संपत नाही. दिसलात की लगेच सेव्ह लोड करून मागच्या जागी परत जाऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. या गेममधला पहारेकरी तुम्हाला पाहताक्षणी सर्वज्ञ होत नाही. आधी त्याला नुसती शंका येते, तो काहीतरी पुटपुटतो. शंका वाढली तर शोधायला निघतो. नक्की पाहिलं तरच अंगावर धावतो किंवा ओरडून इतरांना बोलावतो. तुम्ही निसटलात तर तो थोडा वेळ शोधतो, मग उंदीर असेल म्हणत पुन्हा आपल्या फेरीवर लागतो. यातली प्रत्येक पायरी तुम्हाला त्याच्या बोलण्यावरून कळते, म्हणून ती वाक्यं ओळखायला शिका. जिना उतरून पळायचं, मागे दार लावायचं, एका काळ्या कोपऱ्यात शिरायचं आणि मागून येणारी पावलं मोजायची, हा गेममधला सर्वांत थरारक प्रसंग असतो, आणि लोड केल्यावर तो हातचा जातो.

तलवारीचा खुलासाही करते, कारण ती हातात दिल्यामुळे अनेकांची दिशाभूल होते. हा गेम सुरुवातीला तलवारबाजीचाच व्हायचा होता, आर्थर राजाच्या कथेवर बेतलेला. पुढे त्यातला चोरीचा भाग जास्त रंगतोय हे बनवणाऱ्यांच्या लक्षात आलं आणि सगळा रोख तिकडे वळला. तलवार मात्र राहिली. एकट्या माणसाशी तिने निभावतं, दोघे आले की तुमचा नायक गॅरेट तग धरत नाही, आणि हे मुद्दाम तसं ठेवलेलं आहे. त्याऐवजी ती छोटी गदा वापरा. बेसावध माणसाच्या मागून एक टोला दिला की तो बेशुद्ध पडतो, आवाज होत नाही. मग त्याला खांद्यावर टाकून अंधारात नेऊन ठेवायचं, कारण उजेडात पडलेला देह दुसऱ्या कुणी पाहिला तर बोंब होते.

काठिण्य एक्सपर्टवर ठेवा. नवख्याला हे उलट वाटेल, पण माझं मत पक्कं आहे. इथे एक्सपर्ट म्हणजे शत्रूंना जास्त ताकद, असला आळशी प्रकार नाही. उद्दिष्टंच बदलतात: जास्त ऐवज गोळा करायचा आणि कुणाही माणसाला मारायचं नाही. मारायची मुभा गेली की तुम्ही आपोआप ऐकायला लागता, कोपरे शोधायला लागता. नॉर्मलवर खेळणारा माणूस तलवारीच्या मोहात पडतो आणि तुमच्यासारखाच वैतागतो.

एक मात्र मान्य करायला हवं, पुढची सगळी मिशनं सारख्या तोलाची नाहीत. थडग्यांत शिरून झोंबी चुकवायचे भाग काहींना फार आवडतात. मला ते मूळ गुणापासून दूर गेल्यासारखे वाटतात, कारण ज्याच्या पहाऱ्यात आणि बोलण्यात काही लय आहे अशा माणसाला चकवण्यातली मजा प्रेतात नाही. तुम्हाला कंटाळा आला तर ते रेटून पार करा, पण 'असॅसिन्स' सोडू नका. तिथे दोन मारेकऱ्यांच्या मागोमाग रस्त्यांतून जायचं असतं, त्यांना चाहूल लागू न देता, आणि शहर रात्री कसं असतं ते पहिल्यांदा नीट दिसतं. 'द सोर्ड'मध्ये एका विक्षिप्त उमरावाचा वाडा आहे. वर जाल तसतशी खोल्यांची मापं बिघडत जातात आणि कानांवरचा तुमचा विश्वासच पणाला लागतो.

मूळ गेम संपला की थीफ २ घ्या, २००० चा. झोंबींचा त्रास त्यात जवळपास नाही, आणि 'लाइफ ऑफ द पार्टी' या मिशनमध्ये अख्ख्या शहराच्या छपरांवरून जायचं असतं. त्याच वर्षी मे महिन्यात लुकिंग ग्लास बंद पडला, पण चाहत्यांनी मिशनं बनवणं थांबवलं नाही. २०२३ मध्ये, थीफला पंचवीस वर्षं झाली तेव्हा, 'द ब्लॅक परेड' नावाची दहा मिशनांची नवी मोहीम फुकट आली. ती थीफ गोल्डवर चालते, म्हणजे तुमच्याकडे लागणारं सगळं आहेच. मात्र तिची वळणं मुरलेल्या खेळाडूसाठी आहेत, तेव्हा आधी बॅफर्डच्या वाड्यातून राजदंड घेऊन बाहेर पडा. समोरच्या फाटकाच्या नादी लागू नका, तिथले पहारेकरी काय गप्पा मारतात तेवढं ऐका आणि बाजूच्या विहिरीची वाट शोधा.