चाबूकवाल्या गेमचं म्युझिक मला स्लो का आठवतं?

प्रश्न : नमस्कार भाऊ, मी नागपूरचा, महालातला. 96-97 मध्ये बाबांनी बर्डीवरून टीव्हीला लावायचा व्हिडिओ गेम आणला होता, कॅसेटवाला, त्यात चाबूक घेऊन किल्ल्यात शिरायचा एक गेम होता. मी अन दादा अख्खा उन्हाळा कूलरसमोर बसून तोच खेळायचो, नाव माहीत नव्हतं म्हणून चाबूकवाला म्हणायचो. आता कळलं की तो कॅसलव्हेनिया. परवा यूट्यूबवर पहिल्या लेव्हलचं म्युझिक लावलं तर कोणीतरी पळवल्यासारखं वाटून राहिलं, आपलं एवढं फास्ट नव्हतंच. दादा म्हणतो तीस वर्षं झाली, तुझ्या डोक्यातच ते स्लो झालं. कोण बरोबर? अन दुसरं म्हणजे हार्ट उचललं की गाण्यातला एक सूर मधेच गायब व्हायचा, मशीन खराब होती का? कॅसेट अजून आहे पण लागत नाही.

उत्तर : भाऊ, तुम्ही बरोबर. दादाला हे वाचून दाखवा.

हा गेम जपानमध्ये 26 सप्टेंबर 1986 ला आला, कोनामी कंपनीने निन्टेंडोच्या फॅमिकॉम या गेम मशीनसाठी काढला होता, अन तिथला टीव्ही सेकंदाला 60 वेळा चित्र काढतो. आपल्याकडे दूरदर्शनपासून पाल पद्धत, म्हणजे सेकंदाला 50. आता या जुन्या गेममध्ये काय असतं, की म्युझिक वाजवणारा प्रोग्राम टीव्हीच्या प्रत्येक चित्रामागे एकदा एक पाऊल पुढे सरकतो, त्याला घड्याळ असं वेगळं नसतंच, टीव्हीचं चित्र हेच त्याचं घड्याळ. त्यामुळे जपानमध्ये जी धून 60 सेकंदांत संपायची ती आपल्या बर्डीवाल्या मशीनवर 72 सेकंद चालायची, अन नुसती धूनच नाही, चाबूक, वटवाघळं, हिरोची चाल सगळंच त्या हिशोबाने हळू.

पण खरी मजा सुरांची आहे. युरोपात जी ओरिजिनल पाल मशीन विकली जायची तिच्या आवाज काढणाऱ्या चिपचा वेगही कमी केलेला होता, 1.66 मेगाहर्ट्झ, त्यामुळे तिथे लय पण मंद अन सूर पण अर्ध्या सुराहून जास्त खाली. आपल्याकडे ज्या नकली मशीन आल्या त्यातल्या बऱ्याच मशीनमध्ये चिप 1.77 वर चालायची अन जपानची 1.79, म्हणजे सूर जवळपास तेच, फक्त लय सावकाश, एखाद्या गवयाने तीच पट्टी धरून ठाय लयीत म्हणावं तसं. म्हणून तुम्हाला ते बेसूर आठवत नाही, फक्त निवांत आठवतं. स्वतः करून पाहा, यूट्यूबचा स्पीड 0.85 वर ठेवा, तिथे सूर बदलत नाही, फक्त लय कमी होते, अगदी नेमकं हवं तर 0.83 पाहिजे पण एवढ्यानेही काम होतं. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा चाबूकवाला जिना चढायला लागतो ना, ती जागा आली अन मला कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आला, खरंच सांगतो.

तुम्ही ऐकलं ते म्युझिक किनुयो यामाशिता या बाईंचं, सोबत सातोए तेराशिमा. यामाशिता तेव्हा नुकत्याच कॉलेजमधून निघून कोनामीत लागल्या होत्या. गेम संपल्यावर जी नावं येतात त्यात मात्र त्यांच्या नावाऐवजी जेम्स बनाना असं लिहिलंय, ड्रॅक्युलाच्या जुन्या सिनेमाचे संगीतकार जेम्स बर्नार्ड यांच्या नावावरून केलेली कोटी. एवढी सुंदर धून करणाऱ्या माणसाचं खरं नाव तिथे असायला पाहिजे होतं असं मला मनापासून वाटतं.

सूर गायब होण्याचं म्हणाल तर मशीन एकदम ठीक होती. त्या चिपमध्ये आवाजाच्या वाटा सगळ्या मिळून पाच. दोन मुख्य चालीसाठी, एक बहुतेक वेळा बेससाठी (त्या बेसवाल्या वाटेला आवाज कमीजास्त करायची सोयसुद्धा नाही, एकतर चालू नाहीतर बंद), एक खरखरीची जिच्यातून ड्रम काढायचे, अन एक रेकॉर्ड केलेल्या छोट्या तुकड्यांसाठी. हार्टचा टिंग वाजवायला सहावी वाट आणणार कुठून? मग चालीतली एक वाट तेवढ्यापुरती उसनी घ्यायची, टिंग झालं की परत द्यायची. गाणं थांबत नाही, आतमध्ये मोजणी सुरूच राहते, म्हणून सूर परत येतो तो बरोबर जागेवर येतो. एवढ्याशा जागेत बेस वेगळा, चाल वेगळी, ठेका वेगळा ऐकू येतो, हेडफोन लावून एकदा फक्त बेस ऐका, तो वरच्या चालीच्या मागे मागे फिरत नाही, स्वतःचं वेगळंच काहीतरी सांगत असतो.

कॅसेटचं : फुंकर मारू नका, आपण सगळ्यांनी ती मारली पण तोंडातल्या ओलाव्याने पिना काळ्या पडतात, त्यात नागपूरची कूलरची दमट हवा. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, इअरबड थोडासा ओला करून खालच्या पिना पुसा, बोळा काळा येणं बंद होईस्तोवर, मग पूर्ण वाळू द्या. मोबाईलचा चार्जर लावून बघू नका, मशीनवर किती व्होल्ट अन प्लस कुठं लिहिलंय ते पाहूनच अॅडाप्टर घ्या.

अन लागली की एक काम करा. मशीनला ऑडिओची पिन असेल तर ती कॉम्प्युटरला लावून पहिली लेव्हल खेळताना रेकॉर्ड करा. यूट्यूबवर जे सापडतं ते बहुतेक 60 वालं, आपल्या घरात वाजलेलं 50 वालं कोणी जपून ठेवलेलं मला तरी दिसलं नाही. मला पाठवलंत तर फार बरं वाटेल, दादा खेळत असेल अन मागे कूलर घरघरत असेल तरी चालेल.