अलाइनमेंट दोनदा केली तरी इंकजेटवर अक्षरं तुटक आणि दुहेरी का येतात?

तुमचा प्रश्न असा: घरच्या इंकजेटवर मजकूर छापला की काना मधोमध मोडल्यासारखा दिसतो, शिरोरेखेखाली काही अक्षरांना फिकट दुसरी कड येते, आणि मेनूतून हेड अलाइनमेंट (शाई उडवणाऱ्या हेडची जुळवणी) दोनदा करूनही फरक पडत नाही. अलाइनमेंट चुकीची नाही, पण ती क्रमाने शेवटी येते. हेड, हेडची जागा मोजणारी पट्टी (तिच्याबद्दल खाली), कागद यांत काही बिघडलेलं असताना अलाइनमेंट केली, तर प्रिंटर तो बिघाड धरूनच हिशोब लावतो.

आधी दोष प्रिंटरचा की फाइलचा ते ठरवा. कॉम्प्युटर न वापरता प्रिंटरच्या स्वतःच्या मेनूतून (मेनू नसेल तर मॅन्युअलमध्ये दिलेली बटणं दाबून) नोझल चेकचा कागद काढा (नोझल म्हणजे हेडमधली शाईचे थेंब सोडणारी बारीक छिद्रं). त्यातल्या रेघा स्वच्छ आणि सरळ असतील आणि फक्त एखाद्याच पीडीएफची अक्षरं सरकत असतील, तर गडबड बहुधा फाँटची आहे. देवनागरीत वेलांटी किंवा मात्रा अक्षरापासून दूर पडते ती बहुतेकदा याच कारणाने. अशा वेळी अॅक्रोबॅट रीडरच्या प्रिंट खिडकीत 'अॅडव्हान्स्ड'मध्ये जाऊन 'प्रिंट अॅज इमेज' निवडून पाहा.

दोष प्रिंटरचा निघाला तर चाचणीसाठी मजकूर घेऊ नका, टेबल घ्या. वर्ड प्रोसेसरमध्ये पूर्ण ए४ पानभर ०.५ पॉइंट जाडीच्या काळ्या रेघांचं टेबल करा, आठ-दहा उभे स्तंभ पुरेत. साध्या कागदावर, 'नॉर्मल' दर्जाने छापा. 'बेस्ट' नको, कारण त्यात हेड एकाच जागेवरून अनेकदा फिरतं आणि दोष पसरून पुसट होतो. आता पान उजेडात धरून एकच उभी रेघ वरून खालपर्यंत डोळ्यांनी तपासत जा.

रेघ तिरकी आहे पण कडा धारदार आहेत, तर कागद तिरका जातोय. रेघ ठरावीक अंतराने पायरीसारखी डावी-उजवीकडे सरकते, तर हेडच्या जाण्या-येण्याचा मेळ बसत नाही. पायऱ्या आहेत पण त्यांचं माप दर वेळी वेगळं आहे, तर पट्टीवर संशय घ्या. उभ्या रेघा ठीक असून आडवी पांढरी फट किंवा गडद पट्टा येतो, तर एक तर नोझल बंद आहेत किंवा कागद सरकण्याचं माप चुकतंय. आणि काळं नीट येऊन रंगाची सावली बाजूला पडत असेल, तर काळं आणि रंगीत कार्ट्रिज एकमेकांशी जुळलेलं नाही.

तुमच्या वर्णनावरून पायरीचा प्रकार वाटतो, म्हणून त्यावर जास्त लिहितो. हेड डावीकडून उजवीकडे जाताना छापतं आणि परत येतानाही छापतं. थेंब सुटतो तेव्हा हेड धावत असतं, त्यामुळे तो सरळ खाली न पडता धावण्याच्या दिशेला थोडा पुढे पडतो. समजा हेड आणि कागदात १ मिमी अंतर आहे, थेंबाचा वेग सेकंदाला १० मीटर आणि हेडचा ०.५ मीटर. थेंब पोहोचेपर्यंत हेड ०.०५ मिमी पुढे गेलेलं असतं. येताना तेच उलट्या बाजूला, म्हणजे दोन फेऱ्यांत ०.१ मिमीचा फरक. ०.५ पॉइंटची रेघ जेमतेम ०.१८ मिमी जाड असते, तिच्या निम्म्याहून जास्त सरकणं डोळ्याला लगेच कळतं. अलाइनमेंट नेमका हा फरक भरून काढते. पण अंतर १ ऐवजी २ मिमी झालं, तर फरकही दुप्पट होतो. म्हणूनच साधा कागद ठेवून सेटिंगमध्ये फोटो पेपर किंवा पाकीट निवडलेलं असेल, किंवा जाड कागदासाठी असलेला खटका तसाच राहिला असेल, तर अक्षरं फाटतात. हे आधी तपासा, एका मिनिटाचं काम आहे.

मग ड्रायव्हरमध्ये (कॉम्प्युटरवरच्या प्रिंटर सेटिंगमध्ये) 'बायडायरेक्शनल' किंवा 'हाय स्पीड' असं खूण केलेलं खोकं शोधून ती खूण काढा आणि तेच टेबल पुन्हा छापा. आता हेड एकाच दिशेने छापेल, वेळ जास्त लागेल. रेघ सरळ आली तर यंत्र ठीक आहे, फक्त अलाइनमेंट नीट व्हायला हवी. तरीही वेडीवाकडी आली तर अलाइनमेंटने काही होणार नाही, खाली पट्टीबद्दल लिहिलंय ते करा.

अलाइनमेंटच्या आधी नोझल चेक पूर्ण यायला हवा. तुमची अलाइनमेंट दोनदा वाया जायचं कारण बहुधा इथेच आहे. अर्धवट बंद नोझलमधून थेंब तिरका उडतो, अलाइनमेंटसाठी प्रिंटर छापतो त्या नमुन्याचे आकडे घातलेले चौकोन फिकट येतात, आणि त्यावरून निवडलेला आकडा चुकतो. तुटक रेघा दिसल्या तर हेड क्लीनिंग करा, प्रत्येक वेळी मध्ये नोझल चेक काढून पाहा. दोन-तीनदा करूनही भरलं नाही तर प्रिंटर बंद करून रात्रभर सोडा आणि सकाळी पुन्हा करा. लागोपाठ दहा वेळा करू नका. त्यात शाई वाया जाते आणि वाया गेलेली शाई शोषणारं पॅड लवकर भरतं.

नमुन्यातून आकडा निवडायचा असेल तर पांढरा, कोरा, न चुरगळलेला कागद घ्या. ज्या चौकोनात उभी पांढरी फट किंवा गडद रेघ सगळ्यात कमी दिसते तो निवडायचा. डोळे बारीक करून हातभर अंतरावरून पाहिलं तर फरक जास्त चांगला कळतो. प्रत्येक ओळीचा आकडा वेगळा असू शकतो, सगळीकडे मधला भरू नका. एकही चौकोन साफ नसेल तर जवळचा निवडा, जतन करा आणि नमुना पुन्हा काढा. दुसऱ्या फेरीत तो आणखी जवळ येतो. ज्या प्रिंटरांत छापलेलं पान स्कॅनरच्या काचेवर ठेवायचं असतं, तिथे काच आधी पुसा आणि पान चित्रात दाखवल्याप्रमाणे कोपऱ्याला टेकवून ठेवा. रंगीत, पिवळट किंवा पाठकोरा कागद वापरला तर स्कॅनर फसतो.

हेड कार्ट्रिजवरच असेल (एचपीच्या आणि कॅननच्या बऱ्याच छोट्या प्रिंटरांत असतं), तर दोन्ही कार्ट्रिज काढून 'टक' आवाज येईपर्यंत पुन्हा बसवा. एखादं थोडं वर राहिलं की त्याचा कोन बदलतो. अशा प्रिंटरांत नवीन कार्ट्रिज घातलं की अलाइनमेंट करावी लागते. टाकीत शाई ओतायची असते आणि हेड यंत्रातच कायम बसवलेलं असतं, तिथे नुसती शाई भरल्यावर तिची गरज नसते.

आता पट्टी. कॅरेजच्या (हेड घेऊन धावणाऱ्या भागाच्या) मागे, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक पारदर्शक किंवा राखाडी प्लॅस्टिकची अरुंद पट्टी ताणलेली असते. जवळून पाहिलं तर तिच्यावर अगदी बारीक उभ्या रेघा असतात. हीच एन्कोडर स्ट्रिप. कॅरेजमागचा सेन्सर या रेघा मोजून आपण कुठे आहोत ते ओळखतो. तिच्यावर शाईचे तुषार किंवा ग्रीस बसलं की मोजणी चुकते आणि थेंब चुकीच्या जागी पडतो. काळ्या दातेरी बेल्टशी तिची गल्लत करू नका.

कार्ट्रिज बदलायला उघडतो तसं झाकण उघडा, कॅरेज मधे आलं की भिंतीतला प्लग काढा. म्हणजे कॅरेज हाताने हळू सरकवता येतं. चष्मा पुसायचं मऊ कापड डिस्टिल्ड वॉटरने अगदी किंचित ओलं करा. एका बोटाने पट्टीला मागून आधार द्या आणि एकाच दिशेने हलक्या हाताने पुसा, कॅरेज सरकवून त्याखालचा भागही. पट्टी ओढू नका, तिचं एक टोक स्प्रिंगला अडकवलेलं असतं. अल्कोहोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको, त्याने काही पट्ट्यांवरच्या रेघाच पुसल्या जातात. शेजारच्या दांड्यावरचं ग्रीस कापडाला लागलं तर कापड बदला, नाहीतर तेच पट्टीवर फिरेल. पंधरा मिनिटं सुकू द्या, मगच चालू करा.

कागद तिरका जात असेल तर उपाय सोपे आहेत. टेबलाच्या पहिल्या उभ्या रेघेचं डाव्या कडेपासूनचं अंतर वर आणि खाली मोजपट्टीने मोजा, दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर कागद सरकतोय. ट्रेमधले मार्गदर्शक कागदाला नुसते टेकलेले हवेत, दाबून धरलेले नकोत. गठ्ठा फडफडवून सुटा करा, एका वेळी वीस-पंचवीस कागदच ठेवा आणि रोलर ओलसर कापडाने फिरवत पुसा, धुळीने त्यांची एक बाजू घसरते. मजकूर सरळ असून पानावरच खाली-वर सरकतोय, तर कागदाचा आकार पाहा: ए४ म्हणजे २१० × २९७ मिमी, लेटर म्हणजे २१६ × २७९ मिमी. फाइल, ड्रायव्हर आणि ट्रे या तिन्ही ठिकाणी एकच आकार हवा.

पट्टी पुसून, नोझल पूर्ण भरून आणि अलाइनमेंट पुन्हा करूनही पायऱ्या राहिल्या, तर प्लग काढून कॅरेज बोटाने हलकेच वर-खाली हलवून पाहा. ते डुगडुगत असेल किंवा बेल्ट सैल लागत असेल, तर काम दुरुस्तीवाल्याचं आहे, घरी खोलू नका. तसं नसेल तर 'बायडायरेक्शनल' चालू आणि बंद अशा दोन्ही स्थितींतल्या टेबलांचे फोटो, प्रिंटरच्या मॉडेलसह, इथे टाका. पायऱ्यांच्या अंतरावरून पुढचं सांगता येईल.