अमेरिकन यादवी युद्धातला कोणता दक्षिणी सेनापती पुढे मेथडिस्ट धर्मोपदेशक झाला?

याबाबतीत ठळक नाव जॉर्जियाच्या क्लेमेंट इव्हान्स (१८३३–१९११) यांचे. पेशाने वकील आणि विशीतच न्यायाधीश व राज्याचे सिनेटर झालेल्या इव्हान्स यांनी डिसेंबर १८६२ मध्ये फ्रेडरिक्सबर्गच्या लढाईतला संहार पाहिला आणि जिवंत राहिलो तर धर्मसेवा करीन, असा निश्चय केला. अर्थात त्यासाठी त्यांनी शस्त्र खाली ठेवले नाही. गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या बाजूने ते ॲपोमॅटॉक्स येथे दक्षिणी सैन्य शरण येईपर्यंत लढले, अनेकदा जखमीही झाले. १८६६ पासून सुमारे पाव शतक त्यांनी जॉर्जियातील चर्चमध्ये उपदेशकाचे काम केले. निवृत्तीनंतर मात्र ते दक्षिणेची बाजू उजळून मांडणाऱ्या बारा खंडांच्या युद्धेतिहासाचे संपादक आणि माजी सैनिकांच्या संघटनेचे प्रमुख झाले.