‘हात दाखव की, दादा’

राखीपौर्णिमेच्या सकाळी घरात व्हिडिओ कॉल चालू होता. बहिणीने कुरिअरने पाठवलेली राखी अमेरिकेत वेळेवर पोचली होती आणि भावाने ती स्वतःच कशीबशी बांधून घेतली होती. बहीण म्हणाली, "हात दाखव की, दादा." त्याने मनगट क्षणभर कॅमेऱ्यासमोर धरलं आणि लगेच ‘नेटवर्क नाही’ म्हणत फोन ठेवला. आईला तेवढ्यात दिसायचं ते दिसलं होतं. बोटांची कातडी सोललेली, नखांच्या कडेला भेगा.

"मॅडम, फ्रंट ऑफिसला बसणाऱ्याचे हात असे होतात का?" मी समुपदेशन करते; दोन दिवसांनी माझ्यासमोर बसून आईंनी पहिला प्रश्न हाच विचारला. दुसरा प्रश्न मला पाठ आहे, कारण असे पालक आले की तो येतोच: "परत बोलावून घेऊ का त्याला?"

(या घरातल्या सगळ्यांची परवानगी घेऊन हे लिहिते आहे. ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत.)

वडील एसटीत कंडक्टर. मुलाने पुण्यात हॉटेल मॅनेजमेंटची पदवी घेतली. शेवटच्या वर्षी कॉलेजात एक एजन्सी आली आणि अमेरिकेत बारा महिन्यांची पगारी इंटर्नशिप, जे-१ व्हिसा, असं सांगून गेली. एजन्सीची फी, व्हिसा, विमा, तिकीट असे सगळे मिळून तीन लाखांच्या वर गेले. त्यातले दोन वडिलांनी पतपेढीतून उचलले. गावात स्टँडसमोर फ्लेक्स लागला: ‘अमेरिकेस रवाना, हार्दिक अभिनंदन’. खाली अठरा शुभेच्छुकांचे फोटो. हा फ्लेक्स या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

आईला मी दोन गोष्टी सांगितल्या. हातांबद्दल त्याला पुन्हा विचारू नका. आणि एवढंच सांगा की एक मॅडम आहेत, बोलावंसं वाटलं तर नंबर घे. "तो काय बोलला ते मला सांगाल ना?" नाही, म्हटलं. तो बावीस वर्षांचा आहे, जे सांगायचं ते तोच सांगेल. "म्हणजे फी मी द्यायची आणि..." वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं. रागावल्या होत्या, पण नंबर दिला.

अकराव्या दिवशी मेसेज आला: ‘एकदाच बोलायचंय.’ त्याच्याकडे रात्रीचे नऊ, माझ्याकडे सकाळचे साडेआठ. पुढे आम्ही नऊ वेळा बोललो.

पहिल्यांदा कॅमेरा बंदच होता. डोंगरातलं मोठं रिसॉर्ट, हिवाळ्यात बर्फावरचे खेळ, उन्हाळ्यात गिर्यारोहणवाले. तो सात महिने फक्त हाऊसकीपिंगमध्ये होता. दिवसाला चौदा-पंधरा रूम, रविवारी चेकआउट जास्त असले की सोळा. ग्लोव्हज फाटले की नवे मिळायला दोन दिवस. चौघांत एक खोली आणि तिचं भाडं प्रत्येकाच्या पगारातून वेगळं कापलेलं. एप्रिल-मेमध्ये गर्दी ओसरली तेव्हा आठवड्याला वीस-बावीस तासच काम मिळालं, भाडं मात्र तेवढंच. घरी पाठवलेले फोटो लॉबीतले, तेही शिफ्ट संपल्यावर, दुसऱ्याचा ब्लेझर घालून काढलेले.

झोप येत नव्हती, जेवण एकवेळ. अशा वेळी मी आडून विचारत नाही. जगू नये असं वाटतं का, तसं काही मनात येतं का, असं सरळ विचारलं. "मरायचं नाही मॅडम, गायब व्हावंसं वाटतं," तो म्हणाला. हे उत्तर हलकं घ्यायचं नसतं. तिकडच्या आत्महत्या रोखणाऱ्या हेल्पलाइनचा ९८८ हा चोवीस तासांचा नंबर त्याच्या फोनमध्ये सेव्ह करायला लावला, आणि रात्री वाईट वाटलं तर खोलीतल्या कुणाला उठवायचं ते नाव घेऊन ठरवलं. त्याने फिलिपिन्सच्या मुलाचं नाव घेतलं.

मग तो म्हणाला, "एवढं शिकून मी संडास धुतोय."

इथे माझी चूक झाली. मी गाडगेबाबांवर गेले. हातात खराटा घेऊन आधी गाव झाडायचं आणि मग कीर्तनाला उभं राहायचं, वगैरे. आपल्याकडे संडास धुण्याचं काम कुणाचं हे जातीने ठरवून ठेवलंय, म्हणून आपल्याला त्याची लाज वाटते, कामाची नव्हे, असंही काहीसं बोलले. हे मी आजही मानते. पण पलीकडे बराच वेळ शांतता होती, आणि मग तो म्हणाला, "मॅडम, गाडगेबाबांनी तीन लाख भरले नव्हते."

त्या एका वाक्याने मी जागेवर आले. मी त्याला लाज वाटू नये म्हणून प्रवचन देत होते आणि तो मला सांगत होता की त्याला फसवलंय. लाज आणि तक्रार, दोन्ही एकाच पोत्यात कोंबलेल्या होत्या. रूम साफ करतो हे घरी सांगायची लाज, म्हणून रूमच साफ करायला लावतात ही तक्रारही सांगता येईना. मालकाला हे फार सोयीचं असतं. ज्याला आपलं काम लपवायचंय, तो कामाबद्दल कुणाकडे ओरड करायला जात नाही.

पुढच्या वेळी त्याला वही घ्यायला सांगितली. डाव्या पानावर जे टोचतं ते. उजव्या पानावर जे ठरलं होतं त्याप्रमाणे नाही ते, तारखेसह. डावं पान पटकन भरलं: फ्लेक्स, बाबांचं कर्ज, लॉबीतले फोटो, बरोबरचा मुलगा दुबईत फ्रंट ऑफिसला आहे, पाहुणे बघतही नाहीत. उजव्या पानापाशी तो अडला. "काय ठरलं होतं ते नीट आठवत नाही."

कागद कुठायत? फाइलमध्ये. फाइल कुठाय? बॅगेत तळाला, मुंबईला वकिलातीत मुलाखत झाली तेव्हापासून उघडली नव्हती.

हे नियम मलाही पूर्वी माहीत नव्हते. काही वर्षांपूर्वी अशाच एका मुलीच्या निमित्ताने वाचावे लागले. जे-१ हा नोकरीचा व्हिसा म्हणून जन्मलाच नाही. १९६१ च्या फुलब्राइट-हेज कायद्याखाली चालणारा हा सांस्कृतिक देवाणघेवाणीचा कार्यक्रम आहे. प्राध्यापक, संशोधक, घरात मुलं सांभाळणाऱ्या ‘ओ पेअर’ मुली, सुट्टीत काम करायला येणारे विद्यार्थी आणि आपले हॉटेलवाले इंटर्न, सगळे याच एका अक्षराखाली येतात. इंटर्नला त्यात एक प्रशिक्षणाचा आराखडा मिळतो, डीएस-७००२ नावाचा फॉर्म. कोणत्या विभागात किती काळ, काय शिकायचं, कोण शिकवणार हे त्यात लिहिलेलं असतं आणि खाली विद्यार्थ्याची सही असते. हॉटेल-पर्यटनातला कार्यक्रम सहा महिने किंवा जास्त असेल तर किमान तीन विभागांत फिरवलंच पाहिजे, आठवड्याला किमान ३२ तास दिलेच पाहिजेत, आणि अंगमेहनतीच्या बिनकौशल्याच्या कामाला इंटर्न लावायचे नाहीत, असं नियमच सांगतो.

त्याच्या फॉर्मवर लिहिलं होतं: चार महिने हाऊसकीपिंग, चार रेस्टॉरंट, चार फ्रंट ऑफिस. खाली त्याची स्वतःची सही. "वाचलं नव्हतं," तो म्हणाला. एजन्सीच्या ऑफिसात रांगेत सोळा जणांनी सह्या केल्या होत्या. मी त्याला बोल लावला नाही. बँकेत कर्जाच्या कागदावर सही करताना आपल्यापैकी कोण वाचतं?

त्याच्या डोक्यात ‘ते लोक’ असा एकच गठ्ठा होता. तो सोडवावा लागला. पुण्याची एजन्सी वेगळी, हॉटेल वेगळं आणि स्पॉन्सर वेगळा. स्पॉन्सर म्हणजे ज्या अमेरिकी संस्थेने डीएस-२०१९ हा कागद दिला ती. तिला परवाना अमेरिकेचं परराष्ट्र खातं देतं, आणि मुलावर लक्ष ठेवणं ही तिची जबाबदारी असते. सात महिन्यांत त्याने तिला एकही मेल केली नव्हती. उलट दर महिन्याला त्यांचा ‘कसं चाललंय?’ विचारणारा फॉर्म यायचा, त्यात हा ‘उत्तम’वर टिक करायचा.

"तक्रार केली तर व्हिसा घालवतील." ही भीती अशा प्रत्येक मुलाच्या तोंडी असते. तिचा काही भाग खरा आहे. न सांगता काम सोडून निघून गेलं तर स्पॉन्सर कार्यक्रम संपवू शकतो, म्हणून आधी स्पॉन्सरला कळवायचं, मग पाऊल उचलायचं. पण तक्रार करणं म्हणजे पळून जाणं नव्हे. त्याच फाइलमध्ये हक्कांची माहिती देणारी एक पुस्तिका निघाली, व्हिसाच्या मुलाखतीच्या वेळी देतात ती. पासपोर्ट स्वतःकडे ठेवायचा हक्क, केलेल्या कामाचे पैसे मिळण्याचा हक्क, सूड न उगवला जाता तक्रार करण्याचा हक्क, सगळं त्यात छापलेलं. मी वकील नाही, हे मी त्याला दर वेळी सांगितलं. पुस्तिकेतल्या हेल्पलाइनला फोन मात्र त्यानेच करायचा होता.

त्याला मी एक जुनी बातमीही सांगितली. २०११ च्या ऑगस्टमध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या पामायरा गावी, हर्षी चॉकलेटच्या पॅकिंगच्या गोदामात जे-१ वर आलेले शेकडो विद्यार्थी काम थांबवून बाहेर पडले. चीनचे, तुर्कस्तानचे, युक्रेनचे. हजारो डॉलर भरून आलेले, आणि पगारातून भाडं कापल्यावर हातात फारसं उरत नाही म्हणून चिडलेले. गोदाम ठेकेदार कंपनी चालवत होती आणि त्यांचा गट सुट्टीत काम करणाऱ्यांचा होता, इंटर्नचा नव्हे. पण पुढच्याच वर्षी परराष्ट्र खात्याने त्या गटासाठी गोदामातली, कारखान्यातली कामं बंद केली. तो ऐकत होता. "म्हणजे माझं नशीब खराब नाही," असं म्हणाला. त्या दिवशी कॅमेरा पहिल्यांदा चालू झाला.

स्पॉन्सरला मेल त्याने स्वतः लिहिली. मी फक्त एक गोष्ट खोडायला लावली: सुरुवातीची ‘सॉरी टू डिस्टर्ब’.

उजव्या पानावर आणखी एक भर फिलिपिन्सच्या त्या मित्राने घातली. पे-स्लिपवर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर (तिथल्या पेन्शन आणि आरोग्यविम्यासाठीचे कर) मिळून पगाराच्या ७.६५ टक्के कापले जात होते. नव्याने आलेल्या जे-१ वाल्यांना हे दोन कर सहसा लागू नसतात. चुकून कापले तर आधी मालकाकडे मागायचे, त्याने नाही दिले तर तिथल्या आयकर खात्याकडे अर्ज करायचा.

सगळं काही जुळून आलं नाही. स्पॉन्सरच्या माणसाने चौथ्या दिवशी फोन केला, हॉटेलशी बोलणं झालं, शेवटचे साडेतीन महिने त्याला रेस्टॉरंटमध्ये मिळाले. फ्रंट ऑफिस मिळालंच नाही. कराचे पैसे परत आले, पण ते तो भारतात आल्यावर, पाठपुरावा करून. जादा भाडं गेलं ते गेलंच. पुण्याच्या एजन्सीने फोन उचलणं बंद केलं.

राहिलं डावं पान. घरी सांगायचं कधी, हे त्याने ठरवलं, कसं हेही त्यानेच. दिवाळीच्या आधीच्या रविवारी फोन केला आणि आधी बाबांना बोलवायला सांगितलं. मी तिथे नव्हते. आईने मला नंतर सांगितलं ते असं: त्याने सगळं सांगितलं, रूम, संडास, लॉबीतले फोटो, परका ब्लेझर. वडील काहीच बोलेनात. मग म्हणाले, "घाटात गाडी लागून कुणी ओकलं की त्याच्यावर माती कोण टाकतं रे? सव्वीस वर्षं मीच टाकतोय. तू विचारलंस कधी?" आणि मग, थोड्या वेळाने, "हाताला खोबरेल लाव."

आई रडल्या, बहीण म्हणे हसत सुटली.

परत बोलावून घ्यायचा प्रश्न त्यानंतर कुणी काढला नाही. मी आईला पहिल्या दिवशीच म्हटलं होतं की हा निर्णय तुमचा नाही. त्या तेव्हा फार दुखावल्या होत्या, आणि आज मला वाटतं ते मी जरा सौम्यपणे सांगायला हवं होतं.

तो जानेवारीत परतला. मित्रांनी ‘स्वागत’चा फ्लेक्स छापायला टाकला होता, त्याने प्रेसवर जाऊन तो रद्द केला आणि अॅडव्हान्सचे पाचशे रुपये बुडवले. आता पुण्यातल्या एका हॉटेलात आहे. परवा आईचा फोन आला होता, तक्रार घेऊन. सुट्टीला घरी आला की सगळ्या गाद्यांवरच्या चादरी काढतो आणि हॉटेलसारख्या कोपरे दुमडून परत घालतो. इतक्या ताणून की यांना रात्री आत पाय घालता येत नाहीत.