पडताळणीला गैरहजर, म्हणून दिव्यांगाचं अनुदान बंद

प्रश्न: माझ्या धाकट्या भावाला (वय 34) जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. 85 टक्के दिव्यांगत्वाचं कायमस्वरूपी प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) दोन्ही आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे पैसे कित्येक वर्षं नियमित येत होते. तहसीलला लाभार्थ्यांच्या पडताळणीचं शिबिर झालं, त्या दिवशी भाऊ फिट आल्यामुळे सरकारी दवाखान्यात भरती होता. निरोपसुद्धा शेजाऱ्यांकडे आला, तोही आदल्या संध्याकाळी. तेव्हापासून चार महिने खात्यात काही जमा नाही. कार्यालयात म्हणतात, "हजर नव्हता, नाव कमी झालं, आता नवीन फॉर्म भरा." फॉर्म आणलाय. भरू का? गेलेले महिने मिळतील का?
— एक बहीण, मराठवाडा

उत्तर:

ताई, तो फॉर्म तूर्त घरातच राहू द्या.

नवीन अर्ज दिला की तुमच्या भावाचं प्रकरण पहिल्यापासून सुरू होतं. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, तलाठ्याचा अहवाल, मग तालुका समितीची बैठक होईल तेव्हा मंजुरी. पैसे सुरू झाले तरी ते नव्या मंजुरीपासून. मधले महिने कुणी विचारतही नाही, कारण कागदावर तुम्हीच मान्य केलेलं असतं की जुनं प्रकरण संपलं. ते संपलेलं नाही, हेच आपल्याला म्हणायचं आहे.

पडताळणी करण्याचा सरकारला पूर्ण अधिकार आहे. मयत माणसांच्या नावावर पैसे निघतात, बोगस प्रमाणपत्रं निघतात, त्यांना आळा बसलाच पाहिजे. पण शिबिराला माणूस आला नाही यावरून एवढंच कळतं की तो आला नाही. त्याचं दिव्यांगत्व 40 टक्क्यांच्या खाली गेलं किंवा घरचं उत्पन्न 50 हजारांच्या वर गेलं, असं त्यावरून ठरत नाही. आणि अनुदानाचा हक्क ठरतो तो या गोष्टींवर. गैरहजेरीमुळे फार तर पडताळणी होईपर्यंत पैसे थांबवता येतील. नाव कायमचं कमी करायचं तर आधी लेखी नोटीस हवी, म्हणणं मांडायची संधी हवी आणि कारण दिलेला आदेश हवा. सर्वोच्च न्यायालयाने 1967 साली ओरिसा राज्य विरुद्ध बिनापाणी देई या खटल्यात सांगितलं की आदेश निव्वळ प्रशासकीय असला तरी त्याने माणसाच्या हक्कांवर परिणाम होत असेल तर त्याला ऐकून घ्यावंच लागतं. शेजाऱ्याकडे आदल्या संध्याकाळी आलेल्या तोंडी निरोपाला माझ्या मते कुठलंही न्यायालय पुरेशी नोटीस म्हणणार नाही.

दुसरा मुद्दा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 चा. त्याच्या कलम 3 प्रमाणे दिव्यांग व्यक्तीच्या गरजेनुसार वाजवी सोय करून देणं ही सरकारची जबाबदारी आहे. अंथरुणावरच्या माणसाला जीप करून तालुक्याला आणा, रांगेत थांबवा आणि तो आला नाही तर त्याचे पैसे बंद करा, हे या कायद्याच्या राज्यात बसत नाही. तलाठ्याने घरी येऊन पंचनामा केला तरी पडताळणी होते. ही मागणी तुमच्या अर्जात स्पष्ट शब्दांत असू द्या.

मात्र अर्जाच्या आधी एक काम: पासबुक घेऊन बँकेत जा. हे अनुदान आता डीबीटीने, म्हणजे सरकारकडून थेट, आधारशी जोडलेल्या खात्यात येतं. आधार दुसऱ्याच एखाद्या खात्याला जोडलं गेलं किंवा जोडणी तुटली, तरी पैसे थांबतात आणि खिडकीवर उत्तर तेच मिळतं, "हजर नव्हता". भावाचं आधार सध्या कोणत्या खात्याला जोडलेलं आहे, ते बँकेला विचारा. तिथे सगळं ठीक असेल तर तहसीलदारांच्या नावे अर्ज करा. फार कायदेशीर भाषा नको. असं लिहा:

"मी संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा लाभार्थी असून अमुक महिन्यापासून माझे अनुदान जमा झालेले नाही. पडताळणी शिबिराच्या दिवशी मी रुग्णालयात दाखल होतो. डिस्चार्ज कार्डाची प्रत जोडली आहे. मला लेखी नोटीस मिळालेली नाही. माझे नाव कमी करण्याचा आदेश झाला असल्यास त्याची प्रत द्यावी. मला प्रवास शक्य नसल्याने माझी पडताळणी घरी येऊन करावी आणि अनुदान बंद झालेल्या महिन्यापासून थकबाकीसह पूर्ववत सुरू करावे."

शेवटच्या ओळीतला "थकबाकीसह" हा शब्द विसरू नका. मागितली नाही तर थकबाकी आपणहून कुणी देत नाही. ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांग लाभार्थ्यांना महिन्याला 2500 रुपये आहेत, त्याआधी 1500 होते. चार महिन्यांची रक्कम तुमच्या घरात किती मोठी आहे हे मला सांगायची गरज नाही.

अर्ज भावाच्या नावानेच करायचा. सही जमत नसेल तर त्याचा अंगठा आणि त्याखाली दोन साक्षीदारांच्या सह्या. तो सज्ञान आहे. सेरेब्रल पाल्सीमुळे हात चालत नाही म्हणजे त्याला कळत नाही असं नव्हे, आणि कार्यालयानेही तसं धरू नये. त्याला व्यवहार खरोखर समजत नसेल तर गोष्ट वेगळी. मग 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडून कायदेशीर पालक म्हणून तुमची नेमणूक करून घ्यावी लागेल. पण त्यासाठी हा अर्ज अडवून ठेवू नका.

अर्ज टेबलावर ठेवून येऊ नका. आवक शाखेत द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. माझ्याकडे येणाऱ्या अशा प्रकरणांत लोक वर्षभर हेलपाटे घालतात आणि हातात एकही पोच नसते. मग "हे तर आलेच नव्हते" असं कार्यालयाने म्हटलं तर खोडायला काही उरत नाही. पोच देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा.

दोन-तीन आठवडे उत्तर नाही आलं तर माहिती अधिकाराचा अर्ज. त्यावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. दारिद्र्यरेषेखाली असाल तर दाखल्याची प्रत जोडा, फी माफ. "नाव का कमी केलं" असं विचारू नका, त्याला "माहिती या स्वरूपात उपलब्ध नाही" असं उत्तर येईल. कागद मागा: नाव कमी केल्याचा आदेश, ज्या टिपणीवर तो झाला ती टिपणी, शिबिराची नोटीस आणि ती भावाला कोणत्या तारखेला कशी बजावली त्याची नोंद. उत्तराची मुदत 30 दिवस. नोटीस बजावल्याची नोंदच नाही असं लेखी मिळालं, तर तुमचं अर्धं काम झालं.

तहसीलदारांकडून दाद मिळाली नाही तर प्रांतांकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे), नंतर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकाऱ्यांच्या लोकशाही दिनात. त्याच वेळी पुण्याच्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार पोस्टाने पाठवता येते, भावाला तिथे नेण्याची गरज नाही. चौकशीसाठी अधिकाऱ्यांना बोलावण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार त्यांना आहेत, आणि त्यांनी शिफारस केली तर संबंधित कार्यालयाने काय केलं ते 3 महिन्यांत कळवावं लागतं. हा मार्ग लोक फारसा वापरत नाहीत, वापरायला हवा.

उच्च न्यायालय शेवटी. तुमच्यासाठी छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ. तिथे बहुधा पहिल्या एक-दोन तारखांतच तहसीलदारांना ठराविक मुदतीत ऐकून निर्णय घ्यायला सांगतील. पैसे थेट न्यायालयातून मिळतील अशी अपेक्षा ठेवू नका. वकिलाच्या खर्चाची चिंता नको. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, किंवा 15100 वर फोन करा.

घरात अगदीच अडचण असेल आणि नवीन फॉर्म द्यावाच लागला, तर त्यावर हाताने एक ओळ लिहा: "जुन्या प्रकरणातील थकबाकीचा हक्क राखून हा अर्ज करीत आहे." आणि त्याचीही पोच घ्या. दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड मात्र मूळ कुणालाही देऊ नका. पाच-सहा झेरॉक्स काढून ठेवा. त्यावरची भरतीची तारीख हाच तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे.